एमडी: दोन ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम यांच्या मधलं पोर

वस्तीत आरोग्याची बैठक घेतली की बीपी, शुगर, रक्तक्षय हे विषय आधी होतात. बाया उठायला लागतात. मग एखादी आई मागे रेंगाळते आणि हळूच विचारते, "सिस्टर, हे एमडी म्हणजे गांजाच ना? पोरगा म्हणतो, गांजासारखंच असतं, सगळेच घेतात."

नाही. एमडी गांजा नव्हे. गांजा झाडाला लागतो, एमडी कारखान्यात तयार होतं. त्याचं पूर्ण नाव मेफेड्रोन. पोरं त्याला 'म्याव म्याव' म्हणतात, पावडर म्हणतात, नुसतं 'माल' म्हणतात. पांढरी किंवा पिवळसर भुकटी, कधी बारीक खडे, मिठासारखे. नाकाने ओढतात, कागदात गुंडाळून गिळतात, पाण्यात टाकून पितात. वास येत नाही म्हटलं तरी चालेल. दारू प्यायलेला नवरा दारातून आत आला की कळतो, गांजाही लपत नाही. ही पुडी मात्र शर्टाच्या खिशात, मोबाइलच्या कव्हरमागे महिनाभर राहिली तरी घराला पत्ता लागत नाही. म्हणून यंदाच्या आरोग्य पानावर हाच विषय घेतला आहे. त्यात औषधपाण्याइतकंच कायद्याचंही सांगणार आहे, कारण या नशेत दवाखाना आणि पोलीस ठाणं यांच्यात अंतर फार थोडं आहे.

आधी 'डिझायनर ड्रग' हा शब्द समजून घेऊ. चोरीच्या गाडीची नंबरप्लेट बदलतात, रंग बदलतात, इंजिन तेच राहतं. तसंच इथे होतं. कायद्यात ज्या नशेच्या पदार्थाचं नाव आहे, त्याच्या रचनेत थोडासा फेरफार करून नवा पदार्थ बनवतात. मेंदूवर परिणाम जवळपास तोच, पण यादीत नाव नाही. यादीत नाव नाही म्हणजे गुन्हा नाही. सरकारने ते नाव यादीत घालेपर्यंत माल विकून मोकळे, आणि मग पुढचा फेरफार.

मेफेड्रोनचं मूळ पूर्व आफ्रिका आणि येमेनमध्ये सापडतं. तिथे 'खात' नावाच्या झुडपाची पानं लोक चघळतात, आपल्याकडे तंबाखू चघळतात तशी. त्या पानातलं जे द्रव्य तरतरी आणतं, त्याचाच हा प्रयोगशाळेत बनवलेला भाऊबंद. १९२९ साली तो पहिल्यांदा बनवला गेला आणि सत्तरेक वर्षं कागदातच पडून राहिला. २००० नंतर कोणीतरी ती जुनी कृती उकरून काढली. इंग्लंडमध्ये तो 'झाडांचं खत' म्हणून पाकिटात मिळू लागला. पाकिटावर छापलेलं असायचं, माणसांनी खाण्यासाठी नाही. घेणारा आणि विकणारा दोघांनाही ठाऊक होतं की हे खत कोणत्या कुंडीत जाणार आहे. एप्रिल २०१० मध्ये तिथे बंदी आली.

आपल्याकडे अमली पदार्थांचा मुख्य कायदा १९८५ चा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात. त्याला पदार्थांची यादी जोडलेली आहे. त्या यादीत मेफेड्रोनचं नाव आलं ५ फेब्रुवारी २०१५ ला. तोपर्यंत मुंबईत हा माल कॉलेजच्या दारात विकला जात होता आणि पोलिसांनी पकडला तरी एनडीपीएस लावता येत नव्हता. त्या मधल्या वर्षांत ज्यांना सवय लागली, त्यांना ती कायदा येण्याआधीच लागलेली होती.

बनावट गांजाचीही गोष्ट हीच. त्याला परदेशात 'स्पाइस' किंवा 'केटू' म्हणतात. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठात जॉन हफमन नावाचे संशोधक मेंदू आणि गांजा यांचा संबंध अभ्यासण्यासाठी रसायनं बनवत होते. त्यांच्या नावावरून एकाला जेडब्ल्यूएच-०१८ म्हणतात. त्यांचे शोधनिबंध वाचून दुसऱ्याच लोकांनी ते रसायन सुक्या पाल्यावर फवारलं आणि 'हर्बल' म्हणून विकलं. हर्बल शब्द दिसला की आपलीही माणसं निर्धास्त होतात, म्हणून हे मुद्दाम सांगते. खऱ्या गांजातलं द्रव्य मेंदूतलं बटण अर्धं दाबतं, तर ही रसायनं पूर्ण दाबतात. फवारणी सारखी नसते, त्यामुळे एका चिमटीत काहीच होत नाही आणि त्याच पाकिटातल्या दुसऱ्या चिमटीत फिट येते. २०१६ च्या जुलैत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका सकाळी तीसहून अधिक माणसं रस्त्यावर भान हरपून झुलताना सापडली, ती याच जातीच्या पदार्थाने. आणि गांजाच्या नेहमीच्या लघवी तपासणीत हे सापडत नाही.

जेडब्ल्यूएच-०१८ सारखी काही नावं आपल्याही यादीत आता आहेत. पण नावानिशी यादी करणं म्हणजे पळणाऱ्याच्या मागे धावणं. चीनने २०२१ मध्ये बनावट गांजाच्या संपूर्ण जातीवरच एकदम बंदी घातली. इंग्लंडने २०१६ मध्ये कायदाच केला की मेंदूवर असा परिणाम करणारा कोणताही नवा पदार्थ विकणं गुन्हा, नाव काहीही असो. दारू, तंबाखू, चहा-कॉफी तेवढी वगळली. आपली पद्धत अजून मुख्यतः यादीची आहे. माझ्या मते घराने तरी यादीच्या भरवशावर राहू नये. "हे बॅन नाहीये मम्मी" असं पोरगं मोबाइलवर दाखवत असेल, तर ते खरंही असू शकतं. बंदी नाही म्हणजे विष नाही, असं मात्र होत नाही.

आता आपल्या भागाकडे येऊ.

ऑक्टोबर २०२० मध्ये, लॉकडाऊन सैल होत होता त्या दिवसांत, पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकणजवळ शेलपिंपळगावच्या हद्दीत एका गाडीतून २० किलो मेफेड्रोन पकडलं. किंमत सांगितली २० कोटी. तपास पुढे गेला तो रांजणगाव एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यापर्यंत. या गुन्ह्यातला एक आरोपी ललित पाटील. तो येरवडा कारागृहातून उपचारासाठी म्हणून पुण्याच्या ससून रुग्णालयात दाखल होता. ३० सप्टेंबर २०२३ ला ससूनच्या दाराशीच सुमारे पावणेदोन किलो एमडी सापडलं आणि २ ऑक्टोबरला तो तिथून पळाला. पंधरवड्यानंतर पुन्हा पकडला गेला. मधल्या काळात मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावातला एमडीचा कारखाना उघडकीला आणला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत धाड घातली. विश्रांतवाडीतल्या मिठाच्या गोदामापासून दिल्लीपर्यंत मिळून सतराशे किलोच्या वर माल निघाला. लगेच मार्चमध्ये पिंपळे निलखला एका हॉटेल कामगाराकडे दोन किलो एमडी सापडलं आणि त्या तपासात खुद्द एक पोलीस उपनिरीक्षक अटकेत गेला. तो माल चाळीस किलोच्या वर होता. हे खटले कोर्टाचे आहेत, दोष कोणाचा ते कोर्ट ठरवेल.

मी ही नावं-गावं सनसनाटीसाठी देत नाही. ही गावं बघा: चाकण, रांजणगाव, कुरकुंभ. तिथल्या गेटवर सकाळी बस थांबते ती आपल्या पोरांसाठी. औषधांच्या कच्च्या मालाच्या नावाखाली रसायनं येतात, ड्रम उतरतात, रिअ‍ॅक्टर चालतो. हे सगळं करायला हात लागतात आणि ते हात कंत्राटी असतात. ज्या युनिटच्या गेटवर बोर्ड नाही, हजेरी वहीत नाव नाही, पीएफ नाही, पगार रोख आणि नेहमीपेक्षा बराच जास्त, काम फक्त रात्री आणि मोबाइल बाहेर ठेवायला लावतात, तिथे पोराला दुसऱ्या दिवशी पाठवू नका. ती वाफ फुप्फुसात जाते हे एक, आणि धाड पडली तर मालक शहरात असतो आणि ड्रमजवळ आपला माणूस.

दुसरी वाट डबल ड्युटीची. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी इथे एका खोलीत सहा-आठ पोरं राहतात. पाळ्या उलटसुलट असतात. सेकंड शिफ्ट संपली की ठेकेदार म्हणतो, थर्डला माणूस कमी आहे, थांब. डोळे मिटायला लागतात. मग सोबतचा म्हणतो, एक ओढ, झोप उडेल. पहिली ओढ बहुतेक वेळा फुकट असते. दोष पोरालाच देऊन मोकळं व्हायचं असेल तर सोपं आहे. पण सोळा तास उभं करणाऱ्या लाइनला कोणी नशेबाज म्हणत नाही.

आता हिशेब करू. पोलिसांनी लावलेल्या किमतीने २० किलोचे २० कोटी म्हणजे ग्रॅमचे दहा हजार. कंत्राटी कामगाराच्या पगारात याचे दोन ग्रॅम बसतात की नाही ते तुम्हीच सांगा. म्हणून खाली येता येता त्यात भेसळ होते आणि चिमूटभर पुड्या होतात. तरीही सवय लागलेल्याला त्या परवडत नाहीत. आधी मोबाइल जातो, मग आईचे झुमके जातात, मग बचत गटाच्या हप्त्याला हात लागतो. हे सगळं संपलं की विकणारा दादा म्हणतो, "पैसे नकोत. ही पिशवी तेवढी तळेगाव चौकात नेऊन दे, तुझी पुडी फ्री." घेणारं पोर या एका वाक्याने वाहतूक करणारं होतं. घरच्यांना वाटतं, आपला मुलगा पेशंट आहे. कायद्याच्या तराजूत तो त्या दिवसापासून व्यापारी असतो.

तो तराजू असा आहे. मेफेड्रोन दोन ग्रॅमपेक्षा कमी असेल तर 'अल्प प्रमाण': एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पन्नास ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर 'व्यावसायिक प्रमाण': कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस, आणि एक ते दोन लाख दंड. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत. गांजाला हेच आकडे एक किलो आणि वीस किलो आहेत. गांजाच्या अंदाजाने वागणारं पोर इथेच फसतं. "एवढीशी तर पिशवी होती" असं आई कोर्टाच्या आवारात सांगते. एवढीशी म्हणजे किती? साखरेचे दहा-बारा चमचे म्हणजे साधारण पन्नास ग्रॅम.

आणि भेसळीचं काय? आईला वाटतं, त्यात निम्मं मीठच होतं की. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात सांगून टाकलं आहे की मिसळलेल्या मालासकट सगळं वजन धरायचं. साठ ग्रॅमच्या पिशवीत अस्सल माल दहाच ग्रॅम असला तरी वजन साठच. भेसळ करणारा वरचा, तिचं वजन मात्र आपल्या पोराच्या नावावर.

व्यावसायिक प्रमाणात जामीन मिळणं फार अवघड. कलम ३७ म्हणतं, आरोपी दोषी नसावा असं मानायला वाजवी कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, याची कोर्टाला खात्री पटली पाहिजे. आरोपपत्रालाही साठ-नव्वद दिवसांऐवजी १८० दिवस मिळतात. म्हणजे पोरगा निर्दोष ठरला तरी तोवर वर्षं गेलेली असतात, नोकरी आणि लग्न दोन्ही गेलेलं असतं.

कलम २५ घरातल्या बायांनी खास लक्षात ठेवावं. आपलं घर, खोली किंवा गाडी अशा मालासाठी जाणूनबुजून वापरू दिली, तर घरमालकालाही मालवाल्याइतकीच शिक्षा. "मावशी, ही बॅग दोन दिवस ठेवा, गावाला चाललोय" असं कोणी म्हणालं तर बॅग उघडून बघितल्याशिवाय ठेवायची नाही. नात्यातला असला तरी. भाडेकरू पोरांच्या खोलीचं भाडं तेवढं घ्यायचं आणि आत काय चालतं ते बघायचं नाही, हेही आता परवडणारं नाही.

इतका कडक कायदा, पण त्यात एक दार उघडं आहे आणि ते फारसं कोणी सांगत नाही. कलम ६४-अ. व्यसनी माणसावर नशा केल्याचा किंवा अल्प प्रमाणातला गुन्हा असेल, आणि तो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य, महापालिकेच्या वा महापालिकामान्य दवाखान्यात व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालवता येत नाही. अट एकच, उपचार पूर्ण करायचे. अर्धवट सोडले तर संरक्षण काढून घेता येतं. कलम ३९ नुसार शिक्षा झालेल्या व्यसनी माणसालाही कोर्ट तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवू शकतं. मात्र हे दार दोन ग्रॅमच्या अलीकडेच आहे. पिशवी पोहोचवायला सुरुवात झाली की ते बंद होत जातं. म्हणून घाई करायची ती आधी.

मग आधी ओळखायचं कसं? नशा चढलेली असताना डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या होतात, घाम येतो, जबडा आवळला जातो, दात करकरतात. बडबड वाढते. जेवण नको, झोप नको, दोन-दोन रात्री जागरण. नाक सारखं वाहतं किंवा नाकातून रक्त येतं. बोटं गार आणि निळसर पडतात. नशा साधारण तासा-दोन तासात उतरते, म्हणून पुन्हा पुन्हा ओढतात. एका रात्रीत किती झालं हे त्यालाही कळत नाही. मग दोन दिवस मेल्यासारखा झोपतो. उठल्यावर चिडचिड, रडू, "मला जगायचं नाही" अशी भाषा. काहींना भास होतात, लोक आपल्या मागावर आहेत असं वाटतं, पत्र्याच्या फटीतून बाहेर बघत बसतात. याला बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करणारी घरं आपल्याकडेही आहेत, हे कबूल करायला हवं. खाली यायला काही पोरं दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतात. ती मिसळ सगळ्यात वाईट.

यातली एक-दोन लक्षणं कामाच्या थकव्यानेही दिसतात. लगेच पोराची झडती घेऊ नका. पाच-सहा गोष्टी एकत्र दिसल्या आणि पैशाचा हिशेब लागेना, तर बोला. मेडिकलमधून तपासणी किट आणून विश्वास ठेवू नका. साध्या किटमध्ये मेफेड्रोन बरेचदा सापडत नाही. पोरगा "बघ, निगेटिव्ह" म्हणतो आणि घर गप्प बसतं.

जीवावर बेतल्याची खूण वेगळी. अंग भट्टीसारखं तापलंय, छातीत दुखतंय, छाती फुटेल इतकी धडधड आहे, फिट आली, शुद्ध हरपली किंवा हिंसक होऊन कोणाला ओळखेना, तर १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत गर्दी हटवा, पंखा लावा, कपडे सैल करा, मान, काख आणि जांघेत ओला फडका ठेवा. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा. तोंडात लिंबू, ताक, मिठाचं पाणी काही घालू नका, श्वासनळीत जातं. शुद्धीत असेल तर ओआरएस घोट घोट द्या. तांब्यावर तांब्या साधं पाणी पाजू नका, या नशेत रक्तातलं मीठ आधीच उतरतं आणि जास्त पाण्याने मेंदूला सूज येते. हातपाय बांधून ठेवू नका, धडपडीने अंग आणखी तापतं. यावर उतारा म्हणून एखादं इंजेक्शन नसतं. दवाखान्यात अंग थंड करून, शांत करणारी औषधं देऊन, हृदयावर लक्ष ठेवून माणूस वाचवतात. म्हणून वेळ महत्त्वाची आणि खरं सांगणं महत्त्वाचं. "उन्हाने चक्कर आली" असं कॅज्युअल्टीत सांगितलेलं मी कितीदा ऐकलं आहे. डॉक्टर मग उन्हाचे उपचार करतात. पुडी शिल्लक असेल तर चाखून बघू नका, फक्त काय घेतलं, केव्हा आणि कशाबरोबर ते सांगा. दवाखाना नोंद करेल, पोलिसांना कळवण्याची पद्धतही असते. पण नशा केल्याचा गुन्हा लहान आहे आणि त्याला वर सांगितलेलं दार आहे. स्मशानाला कोणतं कलम लागत नाही.

उपचारासाठी पहिला केसपेपर आपल्या वायसीएम रुग्णालयात, संत तुकारामनगरला, मानसोपचार विभागात काढा. औंधचं जिल्हा रुग्णालय आहे, ससून आहे. येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ते सुरू केलं, तेव्हा पुण्या-मुंबईत गर्द पसरला होता. बायांसाठीही तिथे वेगळी सोय आहे, हे सांगते कारण एमडी फक्त पोरं घेतात अशी समजूत आहे. घरबसल्या बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची १४४१६. दोन्ही फुकट. वस्तीत कोण विकतं हे कळवायचं असेल तर १९३३.

दारू सुटताना हातपाय थरथरतात तसं एमडीत फारसं दिसत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं, आठ दिवसांत बरा झाला. खरी ओढ त्यानंतर येते. पगाराच्या दिवशी, जुना मित्र भेटला की, रात्रपाळी लागली की. एमडीची ओढ थांबवणारी खास गोळी अजून नाही. उदासी, झोप, भास यांवर औषधं देतात, बाकी काम समुपदेशनाचं आणि रोजच्या सोबतीचं. पहिले तीन महिने पगार आईच्या खात्यात, थर्ड शिफ्ट बंद आणि खोली बदल. इतकं जमलं तर निम्मं काम होतं. पंचशीलातलं पाचवं शील आपण विहारात रोज म्हणतो. घसरलेल्या पोराला त्याच शीलाची आठवण देऊन चारचौघांत खाली मान घालायला लावलं तर तो विहाराची पायरीच चढायचा बंद होतो. त्याला सतरंज्या घालायला बोलवा, अभ्यासिकेची किल्ली द्या.

आणि जीप घेऊन येणाऱ्या केंद्रांपासून सांभाळा. चार दांडगे येतात, पोराला उचलतात, महिन्याचे पंधरा-वीस हजार घेतात आणि सहा महिने भेटू देत नाहीत. अशा एका ठिकाणाहून सुटून आलेल्या मुलाच्या पाठीवरचे वळ मी स्वतः पुसले आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनही येतं. केंद्राची नोंदणी हवी, साखळीने बांधायला बंदी आहे, मारहाण हा गुन्हा आहे. दाखल करण्याआधी नोंदणीचा कागद मागा. दाखवला नाही तर परत फिरा. त्या केंद्राची सरकारी मान्यता नसेल तर कलम ६४-अ चा फायदाही मिळणार नाही.

अटक झालीच तर घाबरून दलालाला पैसे देऊ नका. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. अंगझडतीआधी "राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती हवी का" हे पोलिसांनी विचारायला हवं, तो आपला हक्क आहे. बाईची झडती बाईच घेईल. कोऱ्या कागदावर सही नाही, आरोपी म्हणून नाही आणि पंच म्हणूनही नाही. मुलगा अठराच्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, त्याच्या वयाचा दाखला लगेच दाखवा. अल्पवयीन पोराच्या हातून माल पोहोचवणाऱ्याला वेगळी, सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. हे पोलिसांना आठवण करून द्यावं लागतं.

वकील फुकट मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार अनुसूचित जातीच्या माणसाला, कोणत्याही बाईला आणि कोठडीत असलेल्या कोणालाही उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील द्यावाच लागतो. १९९० पासून अनुसूचित जातीचा हक्क बौद्धांनाही आहे. म्हणून दाखल्यावर जात आणि धर्म बरोबर लागलेत ना, ते आधीच बघून ठेवा, ऐनवेळी सेतू केंद्रात रांग लावायची वेळ येऊ नये. शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, चाकण-खेडवाल्यांना राजगुरुनगर कोर्टात समिती आहे. फोन नंबर १५१००.

पोरगा उपचाराला लागला असेल तर वायसीएमचा केसपेपर, भरती आणि डिस्चार्जचं कार्ड, पुढच्या तारखांच्या चिठ्ठ्या, समुपदेशकाची सही असलेलं पान असं सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत, जातीच्या दाखल्याबरोबर ठेवा. प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स काढा. एक संच घरात, दुसरा मामाकडे किंवा शेजारच्या ताईकडे. उपचार पूर्ण होत आहेत हे कोर्टात त्याच कागदांनी दाखवायचं असतं, आणि पावसाळ्यात वस्तीत पाणी शिरलं की आधी तेच भिजतात.